‘पोटात पाणी झालंय’ असं वाटलं की काय करायचं

जनावरांच्या दवाखान्यात सकाळी केसपेपर निघायला लागले की आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य कानावर येतंच : "डॉक्टर, शेळीच्या पोटात पाणी झालंय. तेवढं काढून द्या की ओ." सोलापूर जिल्ह्यात माझी बरीच वर्षं यातच गेली. पुष्कळदा ते पाणी नसतंच. शेळी गाभण असते, नाहीतर फुगलेली असते. आणि खरंच पाणी असलं तरी ‘तेवढं काढून’ काम संपत नाही. माळवदाला गळती लागली की खाली घमेलं ठेवून रात्र निभते, पण सकाळी वर चढून भेग शोधावीच लागते. ती भेग कशी शोधायची, आणि त्यात तुमचं काम कुठवर नि डॉक्टरचं कुठून, एवढंच इथं सांगतो. शेळ्या-गाई नव्यानं पाळायला घेतलेल्यांसाठी हे आहे, घरी कुत्रं-मांजर असलेल्यांसाठीही आहे.

आधी पाणी येतं कुठून ते पाहू. पोटाची पोकळी, छातीची पोकळी आणि हृदयाभोवतीची पिशवी, या तिन्ही ठिकाणी निरोगी जनावरातही थोडा ओलावा असतो. आतडी एकमेकांवर आणि फुप्फुस बरगड्यांवर घासू नये एवढ्यापुरता. तो रक्तवाहिन्यांतून सतत पाझरतो आणि तेवढाच परत शोषला जातो. हृदय रक्त नीट ओढेनासं झालं की मागं तुंबारा होतो आणि दाबानं पाणी बाहेर येतं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन पाण्याला वाहिनीत धरून ठेवतं. ते घटलं की पाणी सुटतं. सूज आली की वाहिन्यांच्या भिंतीच गळक्या होतात. पाझरलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांना लसिकेच्या नळ्या म्हणतात. गाठीबिठीनं त्या दबल्या की शोषण थांबतं. आणि या सगळ्यांपलीकडे सरळ फुटणं आहेच : मूत्राशय फुटतं, पित्ताशय फुटतं, प्लीहेतून रक्त सुटतं.

आधी बघा, पाणीच आहे का

सकाळी चारा टाकण्याआधी जनावराच्या मागं चार हात लांब उभं राहा. घाई करू नका, जनावराला सरळ उभं राहू द्या. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, वर आलेली असेल आणि टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज येत असेल, तर तो वायू आहे, पोटफुगी. हा लेख तिथंच बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावा, कारण पोटफुगी तासाभरातही जीव घेते.

पाणी खाली बसतं. त्यामुळं पोट दोन्ही अंगांनी खालून भरतं, भकाळ्या उलट खोल जातात, पाठीची हाडं वर दिसायला लागतात. वरून वाळलेली नि खालून भरलेली शेळी दिसली की शंका घ्या. गाभण असेल तर पोट उजव्या बाजूनं खाली जास्त दिसतं आणि अंगावर मांस असतं. तरीही बोकड कळपात कधीपासून मोकळा आहे, हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. ‘आमची गाभण नाही’ असं छातीवर हात ठेवून सांगितलेल्या कितीतरी शेळ्या महिनाभरात व्यालेल्या पाहिल्यात.

आता लहर बघा. शेळी किंवा कुत्रं असेल तर एका बाजूला, पोटाच्या खालच्या भागावर तळहात अलगद टेकवा आणि दुसऱ्या बाजूनं बोटांनी टिचकी मारा. आत मोकळं पाणी असेल तर अर्धी भरलेली पखाल हलावी तशी लहर येऊन तळहाताला लागते. पहिल्या दोन-चार वेळा काही कळणार नाही. आधी निरोगी जनावरावर करून पाहा, म्हणजे फरक हाताला समजतो. पाणी थोडं असेल किंवा चरबी जास्त असेल तर ही युक्ती फसते. तिथं सोनोग्राफीच लागते.

गाई-म्हशींत एक वेगळा प्रकार आहे. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत दोन-तीन आठवड्यांतच पोट पिंपासारखं दोन्ही बाजूंनी गोल होतं, जनावराला उठता येत नाही. हे पाणी पोटाच्या पोकळीत नसून गर्भाशयात, वारेच्या पिशव्यांत असतं. एरवी तिथं पंधरा-वीस लिटर असतं, या आजारात ते शंभर लिटरच्या पुढं जातं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून गाभण जनावराला कुणी ‘सुई घालून पाणी काढतो’ म्हणालं तर त्याला घरी पाठवा.

कुत्रीला दोन-एक महिन्यांपूर्वी माज येऊन गेला असेल, ती पाणी फार पीत असेल आणि पोट वाढलं असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता आधी तपासायची. पिल्लांचं ढेरपोट बहुतेक वेळा जंतांचं.

मग पोट सोडून बाकीचं जनावर बघा

नवीन माणूस पोटाकडंच बघत बसतो. उत्तर बहुतेक वेळा दुसरीकडं असतं.

खालची पापणी उलटून पाहा. आतून लाल-गुलाबी असायला हवी. पांढरी फटक असेल तर रक्त कमी आहे, आणि शेळ्या-मेंढ्यांत त्याचा अर्थ बहुधा जंत. जबड्याखाली हात फिरवा. तिथं मऊ, गार पिशवी लोंबत असेल तर अंगठ्यानं दाबून पाच मोजा आणि सोडा. खड्डा तसाच राहिला तर ते पाणी उतरलंय. ही पिशवी संध्याकाळी मोठी असते आणि सकाळी ओसरलेली. दिवसभर मान खाली घालून चरल्यानं पाणी तिकडं उतरतं. त्यामुळं सकाळी दवाखान्यात आणलेली मेंढी पाहून डॉक्टर म्हणतात कुठाय गोळा, आणि मेंढीवाला हिरमुसतो. संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

गाईच्या मानेची शीर पाहा. मान सरळ, डोकं वर असतानाही ती दोरखंडासारखी फुगलेली दिसत असेल आणि पुढच्या पायांमधली पोळी (छातीखालची लोंबती कातडी) सुजली असेल, तर दोष हृदयाकडं आहे.

आणि श्वास मोजा. छातीतलं पाणी बाहेरून दिसतच नाही, पोट वाढत नाही, काहीच नाही. ते फक्त श्वासात कळतं. असं कुत्रं कुशीवर झोपत नाही. कोपरं बाहेर काढून, मान लांब करून बसून राहतं. गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या वर श्वास जात असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याला दाबून धरून एक्स-रेसाठी पालथं-उताणं करायचं नाही, आधी ऑक्सिजन. धरपकडीतच मांजर जातं.

कुणाच्या पोटात, यावर अर्धं उत्तर

बोकडापासून सुरू करतो, कारण तिथं मी स्वतः मार खाल्लाय.

नोकरीची पहिली वर्षं. मंगळवेढ्याच्या बाजूला एका वस्तीवर बकरी ईदसाठी वाढवलेला बोकड, ईद तीन आठवड्यांवर आलेली. मालक म्हणाले, "दोन दिवस कुंथत होता, शेपटी हलवत होता. काल रात्रीपासून मोकळा झाला बघा. पण पोट सुटलंय." मी पोट पाहिलं, लहर लागली, आणि ‘पाणी झालंय’ म्हणून लघवीचं इंजेक्शन देऊन निघालो. दुसऱ्या दिवशी बोकड गेला. उघडून पाहिला तर मूत्राशयाला बोट जाईल एवढं छिद्र, आणि पोटात सगळी लघवी. मालकांनी ‘मोकळा झाला’ म्हटलं तेव्हाच ते फुटलं होतं. कुंथणं थांबलं ते दुखणं उतरलं म्हणून. लघवीच्या इंजेक्शनानं मी त्या फुटक्या पिशवीत भरच घातली.

तेव्हापासून नराच्या पोटात पाणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न : धार शेवटची कधी पाहिली? मका-गव्हाचा भरडा, कोंडा जास्त आणि वैरण कमी, अशा खुराकात फॉस्फरस वाढतो आणि लघवीत खडे धरतात. लवकर खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते, तिथं ते अडकतात. लघवीच्या जागेचे केस बोटांत धरून पाहा, त्यावर वाळूसारखे कण लागलेले असतील. बोकडाच्या लिंगाच्या टोकाला दोऱ्याएवढी बारीक नळी असते. पुष्कळदा खडा तिथंच बसतो; डॉक्टर ती कापून टाकतात आणि धार सुटते. फुटायच्या आधी आणलेला बोकड वाचवता येतो. फुटल्यावर शस्त्रक्रियाच उरते, तीही वेळेत झाली तर. खोंड-बैलांचंही हेच. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असं बघा, वैरण भरपूर ठेवा, आणि प्यायचं पाणी उन्हाळ्यात उन्हात तापू देऊ नका. गरम पाणी जनावर कमी पितं.

गाईचं कारण वेगळं असतं, आणि ते गोठ्यातच पडलेलं असतं. आपल्याकडं द्राक्षबागा आहेत, मांडवाच्या तारा बदलल्या की बोट-दोन बोट लांबीचे तुकडे बांधावरच्या गवतात राहतात. तेच गवत कापून कुट्टी मशीनमधून निघतं. गाय शेळीसारखी निवडून खात नाही, जिभेनं ओढते आणि गिळते. तार जाळीच्या पोटात जाऊन बसते. त्याच्यापुढं पातळ पडदा आणि पडद्यापलीकडं हृदय. गाभणपणाचा आणि विण्याचा जोर आला की तार पुढं सरकते. आधी दूध एकदम कमी होतं, गाय उतारावरून जायला मागत नाही, पाठीवर चिमटा घेतला तर पाठ खाली न घेता कण्हते. नंतर हृदयाच्या पिशवीत पू-पाणी साठतं, पोळी सुजते, पोटात पाणी उतरतं. या टप्प्यावर माझ्या हातून फार गाई वाचलेल्या नाहीत, खोटं कशाला सांगू. म्हणून पोटात सोडायचं लोहचुंबक डॉक्टरांना विचारून आधीच द्या आणि बांधावरून फिरताना खिशात पिशवी ठेवा, दिसेल ती तार उचला.

मेंढ्या-शेळ्यांत मुख्य शत्रू दोन. पहिला पोटातला रक्त पिणारा गोल जंत. पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर. रक्तासोबत प्रथिनं जातात, मग जबड्याखाली आणि पोटात पाणी. दुसरा यकृतातला चपटा कृमी, पर्णकृमी. त्याला मधल्या मुक्कामाला पाण्यातली गोगलगाय लागते, म्हणून कालव्याच्या पाझराला, ओढ्याकाठी, उजनी धरणाचं पाणी मागं सरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरच्या हिरवळीत चरणाऱ्या जनावरांना धोका जास्त. उन्हाळ्यात दुसरीकडं काडी नसते, मेंढरं तिथं जाणारच, हे मला कळतं. निदान पोट भरल्यावर तिकडं न्या, आणि शेण तपासून घ्या. इथं औषधाची निवड महत्त्वाची. दुकानातून आणलेली एकच बाटली वर्षानुवर्षं पाजत राहिलं की गोल जंत त्याला दाद देईनासे होतात. ऑक्सिक्लोझॅनाइड मोठ्या पर्णकृमींना मारतं, पिल्लांना नाही. ट्रायक्लाबेंडाझोल दोन्हींवर चालतं. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला द्यायचं नाही, गर्भ बिघडतो. आणि अंदाजानं नाही, वजनावर. कळपात सगळ्यांना सारखा घोट म्हणजे मोठ्या मेंढीला कमी डोस.

कुत्र्यांत हृदय, यकृत, गाठी, आणि गोचिडांमुळं होणारे रक्ताचे आजार. एक प्रसंग मात्र लक्षात ठेवा : कुत्रं एकाएकी कोसळलं, हिरड्या पांढऱ्या, पोट तासाभरात भरलेलं. ते पाणी नाही, रक्त आहे. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यात प्लीहेची गाठ फुटलेली असते. तरुण कुत्र्यात घरात किंवा शेजारी उंदराचं औषध टाकलं होतं का ते विचारा. त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, तीन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळं लोकांच्या ध्यानातून गेलेलं असतं. पाकीट असेल तर सोबत आणा. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे.

ब्रॉयलर कोंबड्यांत जलोदर होतो तो झपाट्याची वाढ आणि थंडीत पडदे बंद करून कोंडलेली हवा यामुळं. शेडमध्ये शिरल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचं काय होत असेल ते ओळखा.

डॉक्टर येईपर्यंत

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवा. फोनवर ‘पोटात पाणी’ एवढंच सांगू नका. जनावर कोणतं, नर की मादी, गाभण किती महिन्यांची, किती दिवसांत वाढलं, धार दिसते का, श्वास किती, एवढं सांगा.

पोट वाढतंय की उतरतंय हे नजरेवर सोडू नका. सांगोल्याकडच्या एका आक्कांनी मला शिकवलेली पद्धत सांगतो. सुतळी बेंबीच्या रेषेत पोटाभोवती फिरवायची आणि जिथं टोक जुळेल तिथं गाठ मारायची. रोज सकाळी, चाऱ्याआधी, त्याच जागी. आठ दिवसांनी त्या सुतळी घेऊन आल्या, गाठी एकामागं एक आत सरकत गेलेल्या. माझ्या केसपेपरपेक्षा ती सुतळी जास्त बोलत होती.

जनावराला सावलीत, उभ्यानं किंवा छातीवर बसलेलं राहू द्या. पाठीवर उताणं करू नका, पाणी छाती-पोटामधल्या पडद्यावर येऊन श्वास कोंडतो. पाजणी करू नका, तेल-ताक काहीही नको. पाणी प्यायला बंद करू नका. आणि सुई स्वतः घालू नका, गावातल्या ‘जाणत्या’लाही घालू देऊ नका. डाव्या बाजूला घातली तर मोठ्या पोटात शिरते, हिरवं पाणी येतं, लोक म्हणतात बघा किती घाण निघाली. ती घाण नसते, चारा असतो, आणि आता तो पोकळीत पाझरायला लागलेला असतो.

सुई घातल्यावर

डॉक्टर केस भादरतात, जागा स्वच्छ करतात, कुत्र्यात बहुधा बेंबीच्या जरा मागं, मध्यरेषेच्या उजवीकडं सुई घालतात. डावीकडं प्लीहा असते. छातीत घालायची तर सातव्या-आठव्या फटीत, बरगडीच्या पुढच्या काठाला लागून, कारण मागच्या काठानं शीर आणि नस जाते. तुम्ही जनावर धरा, बोलत राहा आणि आलेल्या पाण्याकडं बघा.

निवळ, पाण्यासारखं असेल तर अल्ब्युमिन घटलंय : जंत, यकृत, मूत्रपिंड, आतडी. किंचित गुलाबी किंवा पिवळसर गढूळ असेल तर बहुधा हृदयाचा तुंबारा. दाट, दुर्गंधी, धागे असलेलं म्हणजे आत पू. दुधासारखं म्हणजे लसिकेची नळी. रक्त आलं तर ते साध्या नळीत ठेवून बघायचं : गोठलं तर सुई शिरेला किंवा प्लीहेला लागली, पोकळीत आधीच साठलेलं रक्त सहसा गोठत नाही. लघवीची शंका असेल तर त्या पाण्यातलं क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) रक्तातल्यापेक्षा दुप्पट किंवा जास्त निघतं. वासावर विसंबू नका, मी विसंबून पाहिलंय.

मांजराचं पाणी पिवळं आणि बोटांत धरलं तर तार सुटेल असं चिकट असेल, तर एक जुनी सोपी चाचणी आहे. डिस्टिल्ड वॉटरच्या नळीत ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब हलवून घ्यायचा आणि वर त्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. विरघळला तर ठीक. तसाच आकार धरून हळूहळू खाली उतरला, तर कोरोना विषाणूमुळं होणाऱ्या एफआयपी या मांजरांच्या आजाराची शंका बळावते. जिवाणूंच्या पुवातही हा थेंब तसाच राहतो, म्हणून एवढ्यावर निकाल लावायचा नाही. पूर्वी एफआयपी म्हणजे मरणच होतं. आता जीएस-४४१५२४ या औषधानं पुष्कळ मांजरं उठतात, नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा.

नमुना दोन नळ्यांत घ्यायचा : जांभळ्या टोपणाची पेशींसाठी, साधी बाकी तपासण्यांसाठी. काचपट्टीही तिथंच करून वाळवायची. प्रयोगशाळा आधी प्रथिनं मोजते. डेसिलिटरला २.५ ग्रॅमच्या खाली आणि पेशी मोजक्या असतील तर पाझर. प्रथिनं वर आणि पेशी हजारोंनी असतील तर सूज. ही सीमा कुत्र्या-मांजरांसाठी, गाईला तशीच लावू नका. सोलापूरच्या मे महिन्यात नळी गाडीच्या डिकीत तासभर राहिली तरी पेशी फुटतात. रसवंतीवाल्याकडून बर्फ घ्या, पण नळी थेट बर्फात नको, कापडात गुंडाळून ठेवा.

‘सगळं काढा’ म्हणू नका. श्वास मोकळा होईल एवढंच काढायचं. एकदम ओढलं तर रक्तदाब पडून जनावर तिथंच कोसळू शकतं, आणि पाण्याबरोबर प्रथिनंही जातात, म्हणजे चार दिवसांत पोट पुन्हा भरतं.

पुढचे दिवस

लघवीचं औषध हृदयाच्या आणि यकृताच्या पाण्यावर चालतं, पुवावर नाही, फुटलेल्या मूत्राशयावर तर नाहीच. ते सुरू असताना प्यायचं पाणी समोर हवं. कुत्र्याचं रोज एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. पापड, शेव, खारे शेंगदाणे बंद. जंताचं कारण असेल तर कळपातल्या एकट्या मेंढीला औषध देऊन उपयोग नाही, पापण्या सगळ्यांच्या बघायच्या. शेंगदाणा पेंड, तूर-हरभऱ्याची चुणी असं प्रथिनांचं खाणं वाढवा, म्हणजे यकृताला अल्ब्युमिन करायला माल मिळतो. औषध दिलेल्या दुभत्या जनावराचं दूध किती दिवस वापरायचं नाही ते डॉक्टरांकडून पावतीवर लिहून घ्या.

जनावर दगावलंच तर शवविच्छेदन करून घ्या, उरलेल्या कळपासाठी. फक्त एक अपवाद. जनावर अचानक मेलेलं आणि नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर त्याला सुरी लावू द्यायची नाही, कातडंही काढायचं नाही. तो काळपुळीचा रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो, माणसालाही होतो, आणि प्रेत उघडलं की त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं राहतात. कुत्री जवळ येऊ देऊ नका, कुणाला हात लावू देऊ नका, आणि दवाखान्याला कळवा.